कमरेला पिस्तूल, हवेत पावसाळा

पिस्तूल खराब होते ते गोळ्या झाडून, असा बहुतेकांचा समज असतो. शहाडमध्ये नेमके उलटे घडते. इथल्या सराफाचे, बिल्डरचे किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या अंगरक्षकाचे हत्यार महिनोन् महिने एकही गोळी झाडत नाही. ते फक्त कमरेला असते. एका अंगाला उल्हास नदी, चार महिने पाऊस आणि लोकलच्या गर्दीत भिजलेला सदरा. हत्याराला खाऊन टाकायला एवढे पुरते.

गंजायला पोलाद भिजावेच लागते असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढे गेली, की धातूवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बसतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे ती बहुतेक वेळ ऐंशीच्या वरच असते. त्यात घामातले मीठ मिसळले की तो पापुद्रा विजेचा चांगला वाहक बनतो आणि गंज आणखी जोर धरतो. म्हणून पहिला डाग हत्याराच्या अंगाकडच्या बाजूला दिसतो. चामड्याचा होल्स्टर दिमाखदार दिसला तरी पावसाळ्यात तो घाम शोषून धरतो, आणि चामडे कमावताना वापरलेली आम्ले व क्षार हळूहळू धातूला लागत राहतात. रात्री पिस्तूल त्यातच ठेवून कपाट बंद करणे ही सर्वांत वाईट सवय.

हा ओलावा काडतुसालाही सोडत नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेपुढे एक कोडे होते. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या न वापरताच तडकत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचे कारण मांडले. पुंगळी ओढून-ताणून घडवताना पितळात ताण शिल्लक राहतो. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळावर चढला, की धातूच्या कणांमधली सांधणी सुटते. उपाय साधा निघाला. घडवलेली पुंगळी हलक्या आचेवर तापवून तिच्यातला ताण काढून टाकायचा. शहाडहून कल्याणला गाडी बदलून गेले की थोड्याच स्थानकांवर अंबरनाथ लागते. तिथला आयुध कारखाना पितळ आणि ॲल्युमिनियमच्या कामासाठी ओळखला जातो. त्याच्या शेजारी राहणाऱ्यांना हे धातुशास्त्र परके वाटू नये.

तबेले गेले, अमोनिया राहिला. गोळ्यांमुळे नळीत बसलेले तांबे काढणाऱ्या काही द्रावणांत तो असतो आणि तांबे विरघळले की चिंधी निळसर होते. म्हणून सफाईच्या टेबलावर काडतुसे ठेवायची नाहीत. त्याला दुसरे कारणही आहे, आणि ते जास्त महत्त्वाचे.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूतल्या घरी त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या डाव्या पायात गुडघ्याखाली शिरली. हत्यार कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. काही जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे (हॅमरचे) टोक काडतुसाच्या टोपीला (प्रायमरला) जवळजवळ टेकलेले असते. हत्यार घोड्यावर आपटले तर तो दणका थेट टोपीपर्यंत पोहोचतो. नव्या घडणीत मध्ये पोलादी अडसर असतो आणि चाप पूर्ण ओढल्याखेरीज तो हटत नाही. पण तो अडसरही स्प्रिंगवरच चालतो. गंज, कचरा किंवा चिकटलेल्या तेलाने तो अडला, तर त्याच्यावर भरवसा कसा ठेवणार?

त्यामुळे सफाईची सुरुवात तेलाच्या बाटलीपासून होत नाही, ती हत्यार रिकामे करण्यापासून होते. पिस्तुलात क्रम चुकला की घात होतो. मॅगझिन आत असताना स्लाइड मागे ओढली, तर चेंबरमधले काडतूस बाहेर उडते आणि स्लाइड पुढे येताना नवे आत बसते. हातातले काडतूस पाहून माणूस निर्धास्त होतो. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे ओढायची, मग चेंबर डोळ्यांनी पाहून बोटानेही चाचपायचे. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरची सगळी घरे मोजायची. काडतुसे दुसऱ्या खोलीत.

मग पोलीस आर्मररच्या भाषेतला पुलथ्रू, म्हणजे नळीतून चिंधी ओढणे. शक्य तिथे चेंबरकडून तोंडाकडे पांढरी चिंधी ओढली की नळी स्वतःच बोलू लागते. काळे आले तर जळलेली दारू, करडे आले तर शिसे; .३२ रिव्हॉल्व्हरची गोळी बहुधा उघड्या शिशाचीच असते. तांबूस-तपकिरी आले तर मात्र गंज. महिनाभर गोळी न झाडलेल्या हत्यारातून पावसाळ्यात हाच रंग निघतो.

जुन्या काळी टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद, नळीत उरे. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून सैनिक नळीत आधी उकळते पाणी ओतत, ती कोरडी करत आणि नंतर तेल लावत. आजच्या टोप्यांत तो क्षार सहसा नसतो, पण आजोबांच्या पेटीतली जुनी काडतुसे वापरणाऱ्याने हे विसरू नये.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे उगाच उदारपणा चालतो. खोबरेल तर नकोच. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि जुने झाले की चिकट होते; जानेवारीतल्या पहाटे ते लोण्यासारखे घट्ट झालेले असते. हलके खनिज तेल पुरते, तेही थेंबभर. जास्त झाले तर खिशातली लव आणि धूळ त्यात अडकून गाळ होतो. झिरपणारे पातळ तेल काडतुसाच्या टोपीत शिरले, तर ऐन वेळी चाप ओढूनही आवाज येत नाही.

आता दसरा. मराठी फौजा पावसाळा छावणीत काढून सीमोल्लंघनाला निघत. त्यामुळे शस्त्रे बाहेर काढून पुसण्याचा हा मुहूर्त अगदी शास्त्रशुद्ध आहे. अडचण होते ती हळदी-कुंकवाची बोटे आणि झेंडूच्या ओल्या पाकळ्या रात्रभर पोलादावर राहतात तेव्हा. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला होता आणि विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. निवडणुकीसाठी परवान्यांची छाननी होऊन ज्यांना हत्यारे जमा करायला सांगितले गेले, त्यांच्यातल्या काहींचे पूजेचे कुंकूही बहुधा पुसायचे राहिले असेल. त्याच वर्षी लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून होती आणि निकाल ४ जूनला लागला, म्हणजे हत्यारे परत मिळण्याची वेळ आली ती मळभ दाटून येण्याच्या दिवसांत. जमा करण्याआधी हत्यार पुसून हलके तेल लावणे आणि परत मिळाल्यावर आधी चिंधी ओढून पाहणे, एवढे मालकाने करायलाच हवे.

टोपीतल्या मसाल्यात अजूनही अनेकदा शिसे, बेरियम आणि अँटिमनी असतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळा संशयिताच्या हातावर हेच तीन शोधतात. म्हणून हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्या टेबलावर चहा ठेवू नये. मुलांच्या कपड्यांत किंवा घरातल्या पुसायच्या फडक्यांत ही चिंधी मिसळू देऊ नये.

आणि उल्हासचे पाणी कधी घरात शिरलेच, तर भिजलेले पिस्तूल स्वतः उकलत बसू नका. शस्त्र कायद्याने शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. हत्यार रिकामे करून परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि भिजलेली काडतुसे वाळवून पुन्हा भरू नका.