लाल मुठीनंतरची दहा वर्षे

यंदाच्या उन्हाळ्यात ओहायओतील आमच्या लहानशा धावपट्टीवरचे एक घरी बांधलेले विमान विकले गेले, आणि नव्या मालकाने ताबा घेताच पहिला हुकूम सोडला तो विमानाच्या नाकातले सुबारू मोटारीचे इंजिन, इलेक्ट्रॉनिक नियंत्रकासह आणि तारांच्या साऱ्या जंजाळासह, उतरवून त्या जागी ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंचे, कार्ब्युरेटरचे आणि इंधनमिश्रण हाताने ठरवण्याच्या लाल मुठीचे प्रमाणित इंजिन बसवण्याचा. विमान त्याचे, पैसा त्याचा आणि जीवही त्याचाच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ह्या फेरफाराचे जे कारण त्याने चारचौघांत सांगितले, की संगणक हवेत दगा देतात, ते मला आजही सलत आहे. कारण त्या विमानाच्या नियंत्रकाने दगा दिल्याचा एकही दाखला विमानाच्या दप्तरात नाही, आणि असल्या इंजिनांचे दोष शोधण्यात आम्ही ज्या दशकातले शनिवार-रविवार वेचले, त्या दशकाची हकीकत नेमकी उलटी साक्ष देते.

त्या दशकापूर्वीच्या काळाचा उल्लेख केवळ क्रमासाठी करतो. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत हौशी विमानबांधकांची संघटना स्थापन केली, १९७० पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉशला भरू लागला, आणि ज्याने विमानाचा निम्म्याहून अधिक भाग स्वहस्ते बांधला त्याला त्याची वार्षिक तपासणीही स्वतः करण्याचा परवाना अमेरिकन सरकार देऊ लागले. आपल्याकडे कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव यांना नोंदणीचा दाखला २०१७ साली मिळाला तो वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवल्यावर, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या परवान्याचे मोल कळेल. इंजिनांच्या अंगाने पाहता, दुसऱ्या महायुद्धातील बी.एम.डब्ल्यू. ८०१ ह्या जर्मन इंजिनावर मिश्रण आपोआप ठरवणारे यांत्रिक नियंत्रक होतेच; विमानसामग्री बनवणाऱ्या बेंडिक्स कंपनीने १९५७ साली मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पुढे आणले, ते टिकले नाही, आणि तिच्याच एकस्वांच्या आधारे बॉशने १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीवर ते यशस्वी करून दाखवले. लहान विमानाचा वैमानिक मात्र तेव्हाही लाल मूठ मागे ओढीतच होता. कारण उंची वाढते तशी हवा विरळ होते, दहा हजार फुटांवर तिचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सात-दशांश उरतो, कार्ब्युरेटर इंधन मात्र त्या प्रमाणात घटवीत नाही, मिश्रणात इंधन फाजील होऊन ते रिच होते, आणि ते कानाने व धुराड्याच्या तापमानमापकाने अजमावीत हातानेच इंधन घटवून लीन करावे लागते.

आमचे दशक म्हणजे साधारणतः १९९६ ते २००६. सुबारूने १९८९ साली लेगसी गाडीत आणलेले २.२ लिटरचे, समोरासमोर आडव्या चार सिलिंडरांचे इंजिन त्या सुमारास भंगारवाड्यांतून सहज मिळू लागले होते. ते आकाराने विमानाच्या नाकात बसण्याजोगे, पाण्याने थंड होणारे, आणि किंमत प्रमाणित विमान-इंजिनाच्या अल्पांशाइतकी. तेव्हा पगारदार माणसाला उडण्याचा हा मार्ग खुला झाल्यावर त्याने तो का चोखाळू नये? पुष्कळांनी इंजिनाबरोबर गाडीचाच नियंत्रक आणि कापून सुटसुटीत केलेला गाडीचाच तारसंच विमानात चढवला, आणि येथूनच मिश्रणाच्या तक्रारींचा तो अखंड तगादा सुरू झाला, ज्याने माझे आणि माझ्या सोबत्यांचे अर्धे शिक्षण केले.

ह्या तक्रारींचे मर्म पुष्कळांना अखेरपर्यंत उमगले नाही. मोटार आपले बहुतेक आयुष्य आपल्या शक्तीच्या लहानशा अंशावर काढते, आणि त्या अवस्थेत धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर एकास चौदा पूर्णांक सात ह्या रासायनिक प्रमाणाभोवती मिश्रण क्षणोक्षणी सावरीत राहतो. चढावर किंवा जोरात दामटताना मात्र नियंत्रक त्या सेन्सरचे म्हणणे बाजूला ठेवतो आणि साठवलेल्या कोष्टकानुसार इंधन वाढवून एकास साडेबारा-तेराच्या आसपास नेतो. विमानाचे अवघे उड्डाण ह्या दुसऱ्या अवस्थेत जाते. उड्डाणाला पूर्ण शक्ती, प्रवासाला तीन-चतुर्थांश शक्ती, आणि तीही तासन्‌तास. म्हणजे ज्या सेन्सरवर गाडीवाल्याचा भरवसा असतो त्याची साक्ष आकाशात घेतलीच जात नाही, आणि सारा फैसला अशा कोष्टकावर होतो, जे दुसऱ्या धुराड्यासाठी, दुसऱ्या हवानलिकेसाठी आणि जमिनीवरच्या जगण्यासाठी रचले गेले होते. त्यामुळे जमिनीवर निर्दोष चालणारे इंजिन हवेत का कुरकुरते, ह्याचे उत्तर पुष्कळदा दोषात नसून ह्या स्थलांतरातच होते.

पण खरे दोषही होते, आणि ते शोधण्यात एक उच्च प्रतीचा बौद्धिक आनंद होता. काळा धूर ओकणाऱ्या इंजिनाचा मालक इंजेक्टर बदलून बदलून थकलेला असे, आणि आम्ही पाण्याच्या तापमान-सेन्सरचा विद्युतरोध मोजीत असू. हा सेन्सर थंडीत जास्त रोध दाखवतो, म्हणून त्याच्या जोडणीत गंज चढला किंवा तार तुटली तर नियंत्रकाला तापलेले इंजिन गोठलेले भासते आणि तो इमानेइतबारे फाजील इंधन ओतत राहतो. हवादाब मोजून इंधन ठरवणाऱ्या पद्धतीत दाब-सेन्सरची रबरी नळी चिरली की सेन्सर खरा दाब सोडून बाहेरचा दाब सांगू लागतो. असे इंजिन मंद गतीत आणि प्रवासात रिच चालते, परंतु थ्रॉटल पूर्ण उघडताच सुधारते, कारण तेथे आतला आणि बाहेरचा दाब जवळजवळ सारखाच असतो. लक्षण कोणत्या अवस्थेत दिसते आणि कोणत्या अवस्थेत लोपते, ह्या एका प्रश्नाने अर्धे निदान होते, हे मी तेव्हा शिकलो. थ्रॉटलपुढच्या गळतीचेही तसेच: हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या पद्धतीत ती मिश्रण लीन करते, दाबाच्या पद्धतीत मात्र इंधन त्या हवेमागोमाग वाढते आणि केवळ मंद गती चढते. सेन्सरच्या अलीकडे धुराड्याला तडा गेला तर बाहेरची हवा आत ओढली जाते, एखादा प्लग ठिणगी चुकवू लागला तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडतो, आणि दोन्ही प्रसंगी सेन्सर मिश्रण लीन असल्याची खोटी ग्वाही देतो. त्या ग्वाहीवर विसंबून इंधन वाढवणारा मालक रोगाला खतपाणी घालतो.

ह्या सर्वांत मला आजही मोहवणारे प्रकरण फायबरग्लासच्या एका विमानाचे आहे, ज्याचे इंजिन वैमानिक बोलला की अडखळे. हे अक्षरशः खरे आहे: नियंत्रण-मनोऱ्याला उत्तर देण्यासाठी त्याने रेडिओचे बटण दाबले की इंजिन क्षणभर गुदमरे, आणि बटण सोडताच पूर्ववत होई. इंधनपंप बदलले गेले, गाळण्या बदलल्या गेल्या, एका विक्रेत्याने तर नवा नियंत्रकच त्याच्या गळ्यात मारला, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर दोष जसाच्या तसा राहिला. अखेरीस एका सोबत्याने उजव्या आसनावर लॅपटॉप ठेवून सेन्सरांचे आकडे टिपून घेतले, तेव्हा बटण दाबल्याच्या प्रत्येक क्षणी हवादाबाची रेषा ताडकन उसळलेली दिसली. धातूचे कवच नसलेल्या त्या विमानात ॲन्टेना कातडीच्या आत, सेन्सरच्या तारांलगत जडवलेला होता, आणि रेडिओची शक्ती त्या तारांत शिरून दाबाचे सोंग घेत होती. जाळीचे आवरण असलेली तार घातली, ते आवरण एकाच टोकाला अर्थ केले, ॲन्टेना दूर हलवला, आणि विमान मुकाट्याने चालू लागले. फायबरग्लासच्या विमानांत अर्थिंगचाही हाच बखेडा होता. परतीच्या विजेला धातूचा सांगाडा नाही, म्हणून पंपांची आणि सेन्सरांची परत एकाच बारीक तारेने आणली की पंप सुरू होताच सेन्सरांचे व्होल्टेज सरके आणि मिश्रण भलतीकडे जाई.

आता जुने हिशेब. आमच्या धावपट्टीवरचे बुजुर्ग, ज्यांनी आयुष्यभर कार्ब्युरेटरमधला बर्फ आणि मॅग्नेटोच्या खोड्या विनातक्रार सोसल्या, ते आमच्यापैकी कोणाचे इंजिन खोकले की चौकशीविनाच संगणकाला दोषी ठरवीत. नंतर दोष नळीचा किंवा एका सैल पिनेचा निघाला तरी तो निकाल कधी रद्द झाला नाही, आणि नव्या मालकाच्या तोंडून मी यंदा ऐकला तो हाच नासका वारसा. दुसरीकडे एक विक्रेता होता, ज्याने आमच्यातल्या कित्येकांना नियंत्रक विकले आणि त्यांचा तारांचा नकाशा मागितल्यावर ते व्यापारी गुपित असल्याचे सांगून तो देण्यास नकार दिला. स्वतःच्या आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या जिवावर उठू शकणाऱ्या यंत्राची कोणती पिन कोठे जाते हे मालकाला कळू न देणे, हा त्या वेळी मला अन्याय वाटला आणि आजही वाटतो.

म्हणूनच २००१ च्या सुमारास ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांचा मेगास्क्वर्ट हा उघडा नियंत्रक आला तेव्हा आम्हाला झालेला हर्ष आजच्या तरुणांना समजावणे कठीण आहे. तो स्वतः डाग देऊन जोडायचा, त्याचे आराखडे वाचता येत, त्याचे इंधन-कोष्टक घराघराने बदलता येई, आणि मुख्य म्हणजे तो का चुकला हे त्यालाच विचारता येई. हॅंगरच्या टेबलावर एकाच्या उड्डाणाच्या नोंदी पसराव्या, बाकीच्यांनी त्यांवर वाद घालावा, आणि कारण सापडेपर्यंत कोणी सुटा भाग विकत आणू नये, असा आमचा शिरस्ता होता. ती सामुदायिक चिकित्सा हीच त्या दशकाची खरी कमाई होती, आणि तीच आज नाहीशी झाली आहे.

ती नाहीशी होण्याला इंधनही कारण झाले. विमानतळावरच्या शंभर-ऑक्टेन इंधनात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते, आणि ते ऑक्सिजन सेन्सरला हळूहळू बधिर करते. म्हणून आम्ही गाडीचे पेट्रोल वापरीत असू. पण २००५ च्या ऊर्जा-कायद्यानंतर पंपांवर इथेनॉल पसरले. दहा टक्के इथेनॉलने रासायनिक प्रमाण चौदा पूर्णांक एकवर येते, म्हणजे स्थिर कोष्टकावर चालणारे इंजिन सुमारे चार टक्के लीन होते. सध्या महाराष्ट्रात वीस टक्क्यांच्या पेट्रोलाबद्दल जी चिंता कानी येते तिच्यात हाच हिशेब आहे, कारण तेथे ते प्रमाण साडेतेराच्या जवळ जाते. गाडीचा जिवंत सेन्सर त्याची बरीच भरपाई करतो, विमानातले कोष्टक करीत नाही. शिवाय इथेनॉलने काही टाक्यांचे लेप आणि राळ विरघळवली, गाळण्या तुंबवल्या. ज्यांनी शिशाच्या इंधनाकडे पाठ फिरवली होती ते निरुपायाने त्याच्याकडेच परतले, आणि त्यांचे सेन्सर मेले.

त्यानंतरच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. २०१२ साली रोटॅक्सचे ९१२ आय.एस. इंजिन दोन स्वतंत्र नियंत्रण-मार्गांसह आले, आणि एक मार्ग बिघडला तर दुसऱ्याने सांभाळावे ही त्यातली रचना आमच्या जुगाडांहून निःसंशय श्रेष्ठ होती. परंतु एकंदर व्यवसायाचा कल पेटी मोहोरबंद करण्याकडे वळला. दिवा लागला की विमान अधिकृत माणसाकडे न्यायचे, त्याने आपली किल्ली जोडायची, आणि पेटी बदलायची. परवाना मालकाच्या नावाचा, जबाबदारी मालकाची, नोंदी मात्र मालकाला बंद.

आणि हे नेमक्या अशा वेळी होत आहे, जेव्हा ज्याची आम्ही दहा वर्षे वाट पाहिली ते घडू लागले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकन हवाई प्रशासनाने शिसेरहित शंभर-ऑक्टेन इंधनाला ठिणगीच्या इंजिनांसाठी मान्यता दिली. त्याच्या रंगावरील व टाक्यांवरील परिणामांविषयीचे वाद अजून मिटलेले नाहीत, पण २०३० अखेरपर्यंत शिसे हद्दपार करण्याचे उद्दिष्ट ठरले आहे. शिसे गेले की धुराड्यातला रुंद-पट्ट्याचा ऑक्सिजन सेन्सर पुष्कळ काळ जगेल, आणि पूर्ण शक्तीवरही खरे मिश्रण किती हे प्रथमच खात्रीने कळेल. ते आकडे वैमानिकाला दिसलेच पाहिजेत. येत्या ऑशकॉशच्या मेळ्यात आम्ही चार-सहा जण निर्मात्यांपुढे ही मागणी लेखी रुजू करणार आहोत: प्रत्येक नियंत्रकाबरोबर पिनांचा नकाशा द्यावा, प्रत्येक सेन्सरचे व्होल्टेज-कोष्टक छापावे, आणि उड्डाणाची नोंद कोणत्याही साध्या लॅपटॉपवर उतरवून घेण्याची सोय मालकाला विनाशुल्क असावी.