शिडाच्या होडीतून दिसणारा जंजिरा

कोर्टाला सुट्टी लागली की आम्हा वकील मंडळींनी एकदा तरी मुरुडजवळच्या राजपुरी बंदरावरून शिडाच्या होडीत बसावे. इंजिनाची धडधड नाही, डिझेलचा वास नाही. वारा भरला की शीड फुगते, होडी एका अंगावर कलते आणि पक्षकारांचे फोन आपोआप विसरले जातात! ‘जंजिरा’ हा शब्दच अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, यावरून आलेला. होडी अगदी तटाला भिडेपर्यंत महाद्वार दिसत नाही. भोवती खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव! पावसाळ्यात मात्र होड्या बंद. तेव्हा उगाच हेलपाटा घालू नये.

होडीत माहिती सांगणारा एकच गोष्ट रंगवून सांगतो : किल्ला कुणालाच जिंकता आला नाही. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव टाकायला घेतला. हे खरेच आहे. पण ज्यांच्या ताब्यात तो राहिला, ते सिद्दी कोण होते? पूर्व आफ्रिकेतून गुलाम, सैनिक, खलाशी म्हणून आलेली माणसे. ज्या मलिक अंबरने १६१० साली खडकी शहर वसवले, तोही हबसाणातून गुलाम म्हणूनच विकला गेला होता. गुलामाचा वजीर झाला, गुलामांच्या वंशजांचे राज्य झाले आणि ते १९४८ पर्यंत टिकले. हे राज्य रयतेला सुखाचे होते असे कुणी समजू नये. नवाबी ती नवाबीच. परंतु हा इतिहास पर्यटकाला कोण सांगणार?

आणि राजघराणे सोडून बाकीच्या सिद्दींचे काय? गोवा, दमण-दीवमध्ये १९६८ पासून सिद्दी अनुसूचित जमातीत आहेत. गुजरातमध्ये सौराष्ट्रातल्या जिल्ह्यांपुरते आहेत. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ मध्ये हा दर्जा मिळाला. महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्यांचे नावच नाही! ज्या राज्यात सिद्दींचा किल्ला तिकीट लावून दाखवला जातो, तिथेच ही गत. एकाच माणसाला कारवारात सवलत आणि राजपुरीत काहीच नाही, हे कोणत्या न्यायात बसते?

अनुच्छेद ३४२ प्रमाणे यादीत भर घालण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे. पण त्यासाठी प्रस्ताव राज्य सरकारकडून जावा लागतो. रायगडच्या लोकप्रतिनिधींनी निदान राज्यात सिद्दी किती उरले, कुठे राहतात, काय करतात, एवढी पाहणी तरी मागावी.