तण गेले, तणनाशक उरले

पेरणीनंतर लगेच फवारल्या जाणाऱ्या, म्हणजे उगवणपूर्व, तणनाशकाकडून शेतकऱ्याच्या दोन अपेक्षा असतात. पहिले सहा-आठ आठवडे ते जमिनीत टिकावे, आणि पीक निघताच नाहीसे व्हावे. या अपेक्षा परस्परांशी सहज जुळणाऱ्या नाहीत. जो टिकाऊपणा खुरपणीचा खर्च वाचवतो तोच थोडा लांबला की पुढच्या पिकाच्या मुळांशी येऊन भिडतो, आणि रब्बीतील कांदा वा मोहरी खरिपातील फवारणीची किंमत मोजते.

मका, ज्वारी आणि उसात दीर्घकाळ वापरात असलेले ॲट्राझिन हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. मका या रसायनाला ग्लुटाथायोन नावाच्या संयुगाशी जोडून निष्प्रभ करतो, म्हणून त्याला इजा होत नाही. कांदा, गहू वा सोयाबीन यांच्याकडे ही क्षमता पुरेशी नसते. ॲट्राझिनचा अर्धायुकाल, म्हणजे जमिनीतील मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ, सर्वसाधारणपणे 60 दिवसांच्या आसपास धरला जातो. त्या हिशेबाने हेक्टरी 1 किलो क्रियाशील घटक दिला असेल, तर चार महिन्यांनीही सुमारे 250 ग्रॅम शिल्लक असतो. अशा शेतात बियाणे व्यवस्थित उगवते, कारण रोप सुरुवातीला बियातील साठ्यावर जगते. हे रसायन प्रकाशसंश्लेषण रोखत असल्याने साठा संपल्यावरच पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागतात. तोवर पेरणीला दोन-तीन आठवडे उलटलेले असल्यामुळे दोष बियाण्याला, मर रोगाला किंवा खताच्या कमतरतेला दिला जातो, आणि मागच्या हंगामातील फवारणीची आठवणही कोणाला होत नाही.

सल्फोनिलयुरिया वर्गातील तणनाशकांनी हा प्रश्न अधिक सूक्ष्म केला. ड्युपॉन्ट कंपनीतील जॉर्ज लेव्हिट यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या या वर्गातील क्लोरसल्फ्युरॉन 1982 मध्ये बाजारात आले, आणि किलोची मात्रा ग्रॅमवर उतरली. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे क्लोरिम्युरॉन इथाइल हे त्याच वर्गातील असून त्याची मात्रा हेक्टरी जेमतेम 9 ग्रॅम आहे. एका हेक्टरातील वरच्या 15 सेंटिमीटर थराचे वजन सुमारे 20 लाख किलो भरते. म्हणजे या मातीत तणनाशकाचे प्रमाण फवारणीच्या दिवशीच अब्जात चार-पाच भाग इतके असते, आणि संवेदनशील पिकाला त्याचाही अंश पुरतो. ही रसायने आम्लधर्मी जमिनीत पाण्याशी अभिक्रिया होऊन लवकर तुटतात; सामू सातच्या वर गेला की ती अभिक्रिया मंदावते आणि विघटनाचा भार मुख्यतः सूक्ष्मजीवांवर पडतो. दख्खनच्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, ही बाब इथे दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सोयाबीनमधील दुसरे लोकप्रिय तणनाशक, इमाझेथापायर, मात्र नेमके उलट वागते. आम्ल जमिनीत ते मातीच्या कणांना अधिक चिकटून जास्त टिकते, आणि त्याचे विघटन प्रामुख्याने सूक्ष्मजीव करतात. शंभर दिवसांच्या सोयाबीनमध्ये पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी ते फवारले, तर रब्बीच्या पेरणीपर्यंत जेमतेम ऐंशी-नव्वद दिवस मिळतात, आणि त्याचा अर्धायुकालच दोन-तीन महिन्यांचा मानला जातो. अमेरिकेतील लेबलवर साखरबीटसाठी तब्बल 40 महिने थांबण्याची सूचना आहे. असे आकडे दिनदर्शिकेवर मोजले जात असले, तरी सूक्ष्मजीवांना तारीख कळत नाही. ओलावा आणि ऊब असेल तरच ते काम करतात. ऑगस्टमध्ये महिनाभर पावसाने दडी मारली, तर ते दिवस विघटनाच्या हिशेबात जवळजवळ धरूच नयेत. त्यामुळे ज्या वर्षी खरीप हातचा जातो आणि सारी भिस्त रब्बीवर असते, नेमक्या त्याच वर्षी अवशेषाचा धोका वाढतो. कोरडवाहू महाराष्ट्रात थांबण्याचा काळ दिवसांपेक्षा ओलाव्याच्या दिवसांत सांगितला जाणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

अर्थात जमिनीत सापडलेला प्रत्येक अवशेष पिकाला बाधतोच असे नाही. ग्लायफोसेट मातीच्या कणांना इतके घट्ट बांधले जाते की पुढच्या पिकाच्या मुळांना ते सहसा उपलब्धच होत नाही. भरपूर शेणखत आणि नांगरट यांचाही उपयोग होतो, कारण सेंद्रिय पदार्थ रसायनाला धरून ठेवतात व सूक्ष्मजीवांना पोसतात, तर नांगरटीने वरच्या थरातील मात्रा खोलवर विखुरते. सर्वांत मोठी उणीव आहे ती नोंदीची. खंडाने वा बटाईने घेतलेल्या शेतात आधीच्या कसणाऱ्याने काय फवारले हे नव्याला ठाऊकच नसते.

प्रयोगशाळेतील तपासणी महाग पडते. त्यापेक्षा जैवचाचणी, म्हणजे रोपांकडूनच घेतलेली परीक्षा, सोपी आहे. शेताच्या चार-पाच ठिकाणची वरच्या 15 सेंटिमीटरमधील माती एका कुंडीत आणि कधीही न फवारलेल्या बांधाची माती दुसरीत भरून दोन्हींत नियोजित पिकाचेच बी पेरावे व तीन आठवडे वाट पाहावी. बांधाच्या मातीतील रोपे जोमदार आणि शेतातील खुरटी दिसली, तर पीक बदलावे. मात्र आधी काय फवारले होते ते शोधून काढावे, कारण ॲट्राझिनच्या अवशेषात ज्वारी तगते, तर इमाझेथापायरच्या अवशेषात ज्वारीला धोका असून हरभरा तुलनेने निभावतो.