अक्षरे रेखणारी मुलगी

मुलाने चित्रकलेत बक्षीस मिळविले म्हणजे पालकांना आनंद होतो. परंतु त्याच मुलाने पुढे चित्रकलेचेच शिक्षण घेण्याचा विचार बोलून दाखविला, की त्या आनंदाची जागा काळजी घेते. "चित्रे काढून पोट भरेल का?" हा प्रश्न मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून किती वेळा ऐकला असेल, त्याची गणती नाही. प्रश्न चुकीचा नाही. बेळगावसारख्या गावात, जिथे यंत्रमागाच्या खडखडाटावर घरे चालतात, तिथे तो विचारलाच पाहिजे.

आमच्या शाळेतील वडगावची एक मुलगी २०१६ साली कोल्हापुरातील एका कला महाविद्यालयात उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमाला गेली. वडील यंत्रमागावर साड्या विणणारे. पूर्वी ज्याला 'कमर्शियल आर्ट' म्हणत आणि आज 'ग्राफिक डिझाइन' म्हणतात, तोच हा विषय. आपल्याकडे त्याची परंपरा तशी जुनी आहे. मुंबईस सर ज. जी. उपयोजित कला संस्था १९५८ मध्ये स्वतंत्र झाली, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, आणि पवईच्या आय. आय. टी.तील डिझाइनचे केंद्र १९६९ चे. याच केंद्रात पुढे र. कृ. जोशी यांनी अध्यापन केले. जाहिरातीच्या व्यवसायात मुरलेल्या या अक्षरकाराने घडविलेला 'मंगल' हा टंक विंडोज २००० बरोबर संगणकांत आला, आणि आज आपण सरकारी कचेरीतील साधे परिपत्रक वाचतो तेव्हाही बहुधा त्यांच्याच हातचे वळण वाचत असतो. रुपयाचे चिन्हही पवईच्याच एका संशोधक विद्यार्थ्याचे, डी. उदयकुमार यांचे. देवनागरी 'र' आणि उभी दांडी नसलेला रोमन 'आर' यांचा त्यांनी साधलेला मेळ केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारला. शिरोरेषेला असे मानाचे स्थान क्वचितच मिळाले असेल.

परंतु अशी मोठी उदाहरणे दुरून पाहायला बरी. वडगावच्या मुलीला पहिल्या वर्षी ती उपयोगी पडली नाहीत. पुण्या-मुंबईकडच्या मुलांजवळ स्वतःचे संगणक होते, त्यांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द सहज येत. या महाविद्यालयांत एक रीत असते. सर्वांची कामे भिंतीवर लावायची आणि प्रत्येकाने आपल्या कामाविषयी वर्गापुढे बोलायचे. हिची पाळी आली की ही एकच वाक्य म्हणे, "सर, जमलं नाही बघा." काम बरे असले तरी तेच. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत न जाण्याच्या तयारीने. फीचा दुसरा हप्ता भरायचा होता आणि त्या हंगामात मागाला पुरेसे काम नव्हते. आईचे म्हणणे, डी. एड. करावे. वडील मात्र काही बोलले नाहीत. हप्ता भरून आले.

तिच्या अक्षरलेखनाच्या शिक्षकांनी पुढे एक शहाणपणाची गोष्ट केली. 'जमलं नाही' हे शब्द त्यांनी तिला वर्गात वर्ज्य केले. त्याऐवजी प्रत्येक कामाबद्दल तीन गोष्टी सांगायच्या: हे कोण वाचणार, किती अंतरावरून वाचणार आणि त्याला वेळ किती आहे. एस. टी.च्या खिडकीतून दिसणारा फलक आणि हातात धरून वाचायची लग्नपत्रिका यांना एकच अक्षर चालत नाही, हे त्यातून तिला उमगले. माणूस स्वतःविषयी बोलताना अडखळतो, कामाविषयी बोलताना तितका अडखळत नाही. वर्गात उभे राहण्याची तिची भीती गेली ती या वाटेने. कोणी पाठ थोपटली म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट घरचीच होती. पानाची मांडणी शिकविताना कागदावर आधी अदृश्य चौकटींचे जाळे आखतात आणि मजकूर व चित्रे त्यात बसवितात. बाकीच्या मुलांना हे कृत्रिम वाटे. हिने लहानपणापासून जेकार्डसाठी चौकटीच्या कागदावर आखलेले काठ आणि त्यावरून पाडलेले भोकांचे पुठ्ठे पाहिले होते. एक चौकट चुकली की मोराची मान मोडते, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. पुढच्या समीक्षेच्या वेळी ती वडिलांकडचा एक जुना पुठ्ठा घेऊन गेली आणि त्यावर सलग दहा मिनिटे बोलली म्हणे.

२०२० साली शेवटच्या वर्षाची परीक्षा टाळेबंदीत अडकली आणि ती गावी परतली. खरे शिक्षण तिथून सुरू झाले, असे मला वाटते. हाताशी कौशल्य असणे वेगळे आणि व्यवसाय करणे वेगळे. सुरुवातीस तिच्याकडे येणारा प्रत्येकजण ओळखीचा. "चार अक्षरं तर काढायची, त्याचे कसले पैसे?" हे वाक्य तिला वाढदिवसाच्या फलकापासून दुकानाच्या पाटीपर्यंत सर्वत्र ऐकावे लागले. पैसे मागताना तिची जीभ पुन्हा जड होई.

त्यातच एक प्रसंग घडला. एका संस्थेच्या अहवालात एका देणगीदाराचे नाव चुकीचे छापले गेले. मजकूर संस्थेनेच जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात दिलेला. तो बदलून घेताना एक रफार उडाला आणि 'वर्धमान'चा 'वधमान' झाला. नमुना पाहून पदाधिकाऱ्यांनी तोंडी होकार दिला होता, पण लेखी काहीच नव्हते. पुनर्मुद्रणाचा खर्च तिच्या माथी आला; चार महिन्यांची कमाई गेली. महिनाभर तिने नवे काम घेतले नाही.

त्यानंतर तिने छापील नमुन्याचा एक कागद तयार केला, तो मी पाहिला आहे. कामाचे स्वरूप, मोबदला, निम्मी रक्कम आगाऊ, दोन वेळा फेरबदल, त्यापुढील प्रत्येक फेरबदलाचे वेगळे पैसे, आणि अखेरच्या नमुन्यावर ग्राहकाची सही. काही ओळखीचे लोक दुरावले. जे राहिले ते वेळेवर पैसे देऊ लागले. भिडस्त माणसाला तोंडाने जे सांगता येत नाही ते कागद सांगतो. आमच्या शिक्षकी पेशातही असा एखादा कागद असता तर किती बरे झाले असते!

सध्या तिच्याकडे अधिक काम येते ते दुकानांच्या पाट्यांचे. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनुसार फलकाची ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. त्या कायद्याची चर्चा इथे करावयाची नाही. अक्षरकारापुढचा प्रश्न असा, की उरलेल्या जागेत मराठी ग्राहकाला आपली लिपी दीनवाणी वाटू नये आणि कन्नड वाचणाऱ्यालाही आपली लिपी ओढूनताणून बसविल्यासारखी दिसू नये. दोन्ही लिप्यांचा स्वभाव निराळा. देवनागरी शिरोरेषेला लटकते, तिच्या मात्रा वर चढतात. कन्नड अक्षर गोलाईने फिरते आणि त्याची ओत्तक्षरे ओळीखाली उतरतात. म्हणून केवळ उंची मोजून भागत नाही. रेषेची जाडी आणि ओळींमधले अंतर जुळवावे लागते. 'बालू'सारखे दोन्ही लिप्यांतील टंक आता उपलब्ध आहेत, तरी मोठ्या पाटीसाठी ती अजून बोरूने कागदावर अक्षर काढून मग संगणकावर घेते. कन्नड वळणे तपासण्यासाठी तिने शेजारच्या एका निवृत्त कन्नड शिक्षिकेला गाठले असून त्या बाई 'अका'चा डोळा जरा चुकला तरी पुन्हा काढायला लावतात.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्मरणिकेचे मुखपृष्ठ तिच्याकडून करवून घ्यावे असे ठरले. आपल्याच शाळेची मुलगी, तेव्हा काम विनामूल्य होईल, असे समितीतील दोघा-तिघांनी गृहीत धरले होते. चार दिवसांनी तिचा कागद आला. पूर्ण मोबदला लिहिला होता, खाली 'माजी विद्यार्थिनी म्हणून सवलत' अशी वेगळी ओळ होती, आणि त्याखाली आगाऊ रकमेचा आकडा. सभेत थोडी कुरबुर झाली. मी सही केली आणि धनादेश त्याच दिवशी शिपायाबरोबर वडगावला पाठविला.