पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर लॉगिन फसले की पडद्यावर एरर क्रमांक १८४५६ झळकतो. सोबत ‘स्टेट १’. पासवर्ड चुकलेला असो की खाते मुळात नसोच, उत्तर तेच. हा आडमुठेपणा मुद्दाम केलेला आहे. ‘या नावाचे कोणी इथे नाही’ असे सर्व्हर सांगू लागला, तर चोरट्याला खरी नावे हुडकणे सोपे जाईल.

खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये सापडते. तिथे स्टेट ५ म्हणजे त्या नावाचे लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा. ५८ची गंमत वेगळी: बहुतेकदा सर्व्हर फक्त विंडोजची ओळख मानत असतो आणि समोरचा एसक्यूएलचे नाव-पासवर्ड देत बसलेला असतो. पासवर्ड दहादा बदलून उपयोग शून्य. सिक्युरिटी सेटिंगमध्ये मिश्र पद्धत निवडून सेवा पुन्हा सुरू करावी लागते.

आत गेल्यावरही सुटका नाही.

लॉगिन सर्व्हरचे, यूजर डेटाबेसचा. सोसायटीच्या फाटकातून सोडले म्हणून फ्लॅटची किल्ली मिळत नाही, तसेच हे. दोघांना जोडतो एसआयडी हा ओळखक्रमांक. बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवला की नाव तेच दिसते, पण तिथे नव्याने केलेल्या एसक्यूएल लॉगिनचा एसआयडी निराळा असतो. असा यूजर ‘अनाथ’ ठरतो; ‘ऑल्टर यूजर’ ही एका ओळीची आज्ञा त्याला लॉगिनशी पुन्हा जोडते. घाईत काहीजण सरळ ‘सिसअ‍ॅडमिन’ भूमिका देऊन मोकळे होतात. तक्रार थांबते खरी, पण मग नुसता अहवाल पाहणारा कारकूनही अख्खा डेटाबेस पुसू शकतो.