घरच्या मत्स्यालयातील बुटके सिक्लिड

डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आपल्या खेडोपाडी सर्वांच्या परिचयाचे आहेत. आरोग्य खात्याच्या हिवताप प्रतिबंधक कार्यक्रमामुळे ते ठिकठिकाणच्या विहिरींत व हौदांत पोहोचले. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच खंडातील नद्या-ओढ्यांत राहणारा, पण स्वभावाने सर्वस्वी निराळा असा माशांचा एक गट घरगुती मत्स्यालयांच्या शौकिनांना विशेष प्रिय आहे. त्यास 'बुटके सिक्लिड' म्हणतात.

सिक्लिड हे माशांचे फार मोठे कुल असून त्यात दीड हजाराहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. आपल्याकडील धरणांतील चिलापी ह्याच कुलातील. या माशांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, आणि अंडी व पिले यांची राखण करण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. यांपैकी सुमारे दहा सेंटिमीटरांच्या आत राहणाऱ्या जातींना बुटके सिक्लिड ही संज्ञा दिली जाते. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील अपिस्टोग्रामा, व्हेनेझुएला व कोलंबियातील ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतील 'रॅम' आणि पश्चिम आफ्रिकेतील 'क्रिबेन्सिस' हे त्यांतील विशेष लोकप्रिय प्रकार होत.

हे मासे पाळावयाचे तर प्रथम त्यांच्या मूळ पाण्याचा विचार केला पाहिजे. अ‍ॅमेझॉनच्या अनेक उपनद्यांचे पाणी चहासारखे तांबूस असते. जंगलातील पालापाचोळा कुजून त्यातील अम्ल द्रव्ये पाण्यात उतरतात, आणि क्षार तर त्यात जवळजवळ नसतातच. महाराष्ट्राच्या पठारावरील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा याच्या अगदी उलट, म्हणजे जड व अल्कधर्मी असते. ज्या पाण्याने तपेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो, त्या पाण्यात रॅम काही दिवस जगला तरी त्याची अंडी सहसा उबत नाहीत. कौलारू छपरावरून पडणारे पावसाचे पाणी, पहिल्या सरी वाहून गेल्यानंतर स्वच्छ पिंपात साठवून विहिरीच्या पाण्यात मिसळल्यास ही अडचण पुष्कळशी दूर होते. देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत घालण्याची पद्धतही उपयुक्त आहे. शाळेच्या आवारात अशी पाने पायदळी जातात, तीच स्वच्छ धुऊन वापरावीत. ज्यांना हा व्याप नको असेल त्यांनी क्रिबेन्सिस किंवा 'काकाटू' नावाचा अपिस्टोग्रामा निवडणे श्रेयस्कर, कारण पाण्याच्या बाबतीत हे दोघे बरेच सोशिक आहेत.

टाकी फार मोठी लागत नाही. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा टाकीत ५४ लिटर पाणी मावते, व एका जोडीस ते पुरेसे होते. मात्र पाणी, वाळू आणि काच मिळून हे वजन ६० किलोच्या पुढे जाते, म्हणून टाकी डळमळत्या टेबलावर ठेवू नये. उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण हे मासे तळाशी राहून हद्दी आखतात. तळाला बारीक वाळू घालावी. ती तोंडात घेऊन, चाळून, कल्ल्यांवाटे बाहेर टाकण्याची त्यांना सवय असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवावे, किंवा दुकानात 'हायपो' म्हणून मिळणारे खडे प्रमाणात वापरावेत.

नवख्या शौकिनांचे मासे बहुधा पहिल्या महिन्यातच दगावतात व दोष दुकानदारास दिला जातो. खरे कारण वेगळे आहे. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. काही सूक्ष्म जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातक, पण नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असते. हे जिवाणू स्पंज फिल्टरवर, वाळूवर व काचेवर वस्ती करतात, आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी टाकीतील फिल्टरचा स्पंज पिळून ते पाणी नव्या टाकीत घातल्यास हा काळ कमी होतो. पाणी अल्कधर्मी व उष्ण असेल तर अमोनियाचा विषारीपणा वाढतो. आपल्याकडील जड पाण्यात आणि वैशाखातील उन्हाळ्यात म्हणूनच विशेष जपावे लागते. फिल्टर नळाच्या वाहत्या पाण्याखाली घासून 'स्वच्छ' करण्याचा उत्साहही आवरावा. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके खळबळावा. दर आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी फुलझाडांस उत्तम खत ठरते.

आता या माशांच्या संसाराविषयी. अपिस्टोग्रामाची मादी लहानशा गुहेच्या छताला अंडी चिकटवते. आपल्याकडे या कामी नारळाची करवंटी फार सोयीची. तिला दोन बोटे जाईल एवढे दार पाडून ती उपडी ठेवावी. अंडी घातल्यावर मादीचा रंग भडक पिवळा होतो, काळे पट्टे उठून दिसू लागतात, आणि आपल्याहून दुप्पट मोठ्या नरासही ती दाराशी फिरकू देत नाही. नर दूरची सरहद्द सांभाळतो. काकाटूच्या एका नराच्या हद्दीत अनेक माद्यांची बिऱ्हाडे असू शकतात. रॅमचे तसे नाही. तो सपाट दगडावर उघड्यावर अंडी घालतो व नर-मादी दोघेही आळीपाळीने राखण करतात. पिले पोहू लागली की त्यांना आर्टेमियाची नुकती फुटलेली सूक्ष्म पिले खाऊ घालावीत. नुसत्या कोरड्या खाद्यावर ती क्वचितच वाचतात.

या संदर्भात १९९६ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन उल्लेखनीय आहे. अपिस्टोग्रामाच्या अनेक जातींत पिलू नर होणार की मादी हे सुरुवातीच्या काही आठवड्यांतील पाण्याच्या तपमानावर बऱ्याच अंशी अवलंबून असते, असे त्यात आढळले. थंड पाण्यात माद्या अधिक, उष्ण पाण्यात नर अधिक. शाळेत विज्ञान शिकविणाऱ्यांना दोन टाक्या व दोन तपमापके एवढ्या साहित्यावर हा प्रयोग करून पाहता येण्याजोगा आहे.

परदेशी माशांची वर्णने वाचताना आपल्या घरचा सिक्लिड मात्र आपण विसरतो. भारतात या कुलाच्या तीनच मूळ जाती आहेत. त्यांपैकी काळुंदर कोकण व गोव्याच्या खाड्यांत मिळतो, आणि ताटातच अधिक ओळखला जातो. दुसरा नारिंगी क्रोमाइड, जेमतेम आठ सेंटिमीटरांचा. दक्षिण भारताच्या किनारी भागात व श्रीलंकेत तो आढळतो, जड पाणी त्यास मानवते, आणि त्याची पिले आई-बापांच्या अंगावरील चिकट स्राव टोचून खातात. प्रस्तुत लेखकाच्या मते पठारावरील शौकिनाने सुरुवात याच माशापासून करावी.

एका बाबतीत मात्र ग्रामपंचायत सदस्यांनी लक्ष घालावयास हवे. हौस फिटली, टाकी फुटली किंवा मासे फार झाले की ते जवळच्या तळ्यात सोडून देण्याची प्रवृत्ती दिसते, आणि वर पुण्याचे काम केल्याचे समाधान! मोझांबिकची चिलापी १९५२ साली भारतात आणली गेली, ती अन्नासाठी. पुढे अनेक जलाशयांत तिने स्थानिक माशांवर मात केली. उजनीच्या जलाशयात आढळणारा सकर मासा तर मत्स्यालयांतून सुटलेल्यांपैकीच होय. त्याच्या कठीण, काटेरी कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि बाजारात त्यास गिऱ्हाईक नसते. नको असलेले मासे दुकानदारास परत करावेत किंवा दुसऱ्या शौकिनास द्यावेत. टाकीतील वनस्पतीही ओढ्यात टाकू नयेत, त्या उन्हात पूर्ण वाळवून खड्ड्यात पुराव्यात.