दोन एकरांचे दशांश

हल्ली मोजणीला खातेदाराचा मुलगा येतो तो मोबाइलवर हिशेब करूनच. ‘‘साहेब, दोन एकर म्हणजे ८०९३.७१२८ चौरस मीटर. उताऱ्यावर ८१ आर आहे. मधले सहा मीटर कुणाचे?’’ भूकरमापकाच्या नोकरीत हे इतक्यांनी विचारलं की उत्तर तोंडपाठ झालंय : कुणाचेच नाहीत.

आमच्या भागातल्या जुन्या मोजण्या ३३ फुटी साखळीच्या. साखळीचे सोळा आणे. एक आणा दोन फुटांहून जरासा मोठा. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हिशेब सुटसुटीत, पण वाचन जवळच्या आण्यापर्यंतच केलं तर फूटभर इकडंतिकडं होणारच. दोन एकरांचं चौकोनी रान धरा, बाजू साधारण ९० मीटर. एकाच बाजूला फूटभर फरक पडला तरी क्षेत्रात २७ चौरस मीटर हलतात. शिवाय ओढून ओढून लांबलेली साखळी आणि चढउताराचं रान वेगळंच. अशा मोजणीवर सहा मीटरांसाठी भांडायचं? आणि दशांशापुढचे ते ७१२८ तर निव्वळ कॅल्क्युलेटरचे. मोजणीतून भरवशानं हाती येतात तेवढेच सार्थ अंक. एकराचे मीटर केले म्हणून ते वाढत नाहीत.

म्हणून वाटेल तिथं काटछाट करायची असंही नाही. सौद्याच्या बैठकीत ‘गुंठा म्हणजे आरच की’ असं सर्रास ऐकू येतं. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. बोलण्यात चालेल, पण एकर म्हणून ४० आर लिहून घेतले तर घेणाऱ्याचे जवळपास ४७ चौरस मीटर गेले. म्हणजे पाचशे चौरस फूट! ही मोजणीतली अनिश्चितता नव्हे, चुकीचा गुणक आहे. वाटणीतही तसंच. दोन एकरांचे चार भाऊ, प्रत्येकाचे २०.२३ आर, आधीच पूर्णांक करून वीस-वीस लिहिले तर बेरीज ८० येते आणि ८१व्या आरावरून कोर्टाची पायरी. गुणक पुरता ठेवावा, आकडेमोड पूर्ण होऊ द्यावी, पूर्णांक शेवटी.

आता ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्र मिलिमीटर दाखवतं. दाखवू दे. कोपऱ्यावरचा बांध दोन फूट रुंद, त्यावर बाभूळ. प्रिझमची काठी नेमकी कुठं धरायची? एकास हजार प्रमाणाच्या नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघसुद्धा जमिनीवर २५ सेंटिमीटर होते. यंत्र चांगलं आहे, हद्दच तेवढी बारीक नाही.

तेव्हा मोजणीची ‘क’ प्रत हाती आली की क्षेत्राचे दशांश नंतर बघा. मूळ मोजणी कशानं झाली होती आणि हद्दीच्या खुणा जागेवर सापडल्या का, हे मोजणीदाराला आधी विचारा.